परदेशचें बोलणें आणि घरची तार

पूर्वीं मुलगा विलायतेस गेला म्हणजे घरच्या मंडळींचें लक्ष टपालवाल्याच्या वाटेकडे लागून राहत असे. निळ्या कागदाचें हवाईपत्र आलें कीं तें प्रथम वडील वाचीत, मग आई दोनदां वाचवून घेई, आणि शेजारच्या बिऱ्हाडांतून फिरून आल्यावर त्याची घडी कपाटांत जपून ठेवली जाई. आज मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी या मुंबईच्या उपनगरांतील कित्येक घरांत त्या हवाईपत्राची जागा भिंतीवरच्या एका लहानशा पेटीनें घेतली आहे. पेटीवरचा हिरवा दिवा लागलेला असला म्हणजे न्यू जर्सींतील नात दिसते, तिचे बोबडे बोल ऐकूं येतात. तोच दिवा तांबडा होऊन लुकलुकूं लागला कीं घरांत एकदम सामसूम होते.

या पेटीचें बिल हा अशा घरांत केवळ करमणुकीचा खर्च राहिलेला नाहीं. ज्या दांपत्याचीं दोन्ही मुलें परदेशीं आहेत, त्यांच्या दृष्टीनें तो औषधपाण्याच्या शेजारीं बसणारा खर्च होय. तथापि ही सेवा निवडतांना बहुतेक कुटुंबें दोनच गोष्टी पाहतात: जाहिरातींतला वेगाचा मोठा आंकडा आणि महिन्याचा लहान आंकडा. या दोहोंपैकीं एकही आंकडा परदेशचें बोलणें नीट होईल कीं नाहीं, हें पुरतेपणीं सांगत नाहीं. दुसऱ्या टोंकाला, परदेशीं नव्यानें गेलेला मुलगाही घाईघाईनें असाच एखादा करार करून बसतो आणि मग वर्षभर त्याचें व्याज भरतो. म्हणून ह्या सेवेचें स्वरूप काय, तिला किती पैसा लागतो आणि तिची निवड कशी करावी, याचा थोडा विचार करणें अगत्याचें आहे.

भारतांत सर्वसामान्य लोकांसाठीं इंटरनेट खुलें झालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, विदेश संचार निगम या सरकारी कंपनीच्या द्वारें. त्या वेळीं दूरध्वनीच्याच तारेवरून नंबर फिरवून जोडणी करावी लागे, आणि ती चालूं असेपर्यंत घरचा दूरध्वनि अडकून पडे. १९९८ मध्यें खाजगी कंपन्यांस या धंद्यांत शिरण्याची मुभा मिळाली. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून परदेशीं बोलण्यास रीतसर परवानगी झाली. २००४ च्या सरकारी धोरणानें 'ब्रॉडबँड' या शब्दाची व्याख्या ठरविली: सेकंदाला किमान २५६ किलोबिट. २०१३ मध्यें हीच मर्यादा ५१२ किलोबिट, आणि २०२३ मध्यें २ मेगाबिट करण्यांत आली. म्हणजे एकोणीस वर्षांत नुसत्या व्याख्येंतली गति सुमारें आठपट झाली.

उपनगरांत ही सेवा प्रथम दोन वाटांनीं आली. एक वाट महानगर टेलिफोन निगमच्या जुन्या तांब्याच्या तारेची. दुसरी, दूरदर्शनच्या वाहिन्या पुरविणाऱ्या केबलवाल्याची. गच्चीवरून गच्चीवर, आंब्याच्या फांदीवरून आणि रस्त्याच्या दिव्याच्या खांबावरून लोंबत जाणारी त्याची काळी तार हें उपनगरांचें एक ओळखीचें दृश्य होऊन बसलें. पुढें कांचतंतूची, म्हणजे फायबरची, तार आली आणि दर झपाट्यानें उतरले. ५ सप्टेंबर २०१९ रोजीं जिओची फायबर-सेवा सुरू झाली तेव्हां तिचा सर्वांत स्वस्त दर महिना ६९९ रुपये होता. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस त्याच कंपनीनें ३० मेगाबिटचा ३९९ रुपयांचा दर जाहीर केला, आणि लगोलग एअरटेलनेंही ४० मेगाबिटसाठीं ४९९ रुपयांचा दर आणला. परदेशाशीं बोलण्याची सोय मध्यमवर्गाच्या आटोक्यांत आली ती अशी.

आतां प्रश्न असा, कीं बोरिवलीच्या दिवाणखान्यांत आजीनें उच्चारलेला शब्द न्यू यॉर्कला पोंचतो कसा? प्रथम तो हातांतल्या यंत्रांतून घरांतल्या राउटरकडे हवेंतून जातो. तेथून कांचेच्या तंतूंतून इमारतीच्या तळाशीं, मग रस्त्याखालून कंपनीच्या केंद्रांत. त्यानंतर त्याला समुद्र ओलांडावयाचा असतो. आणि येथें उपनगरवासीयांस अभिमान वाटावा अशी एक गोष्ट आहे. २०२२ च्या अखेरीस भारताच्या किनाऱ्यावर १४ ठिकाणीं मिळून १७ आंतरराष्ट्रीय तारा समुद्रांतून वर येत होत्या, आणि त्यांतील पुष्कळ तारा अंधेरीच्या पश्चिमेस, वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येतात. जेथें कोळी बांधव आपल्या होड्या लावतात, त्याच वाळूखालून अर्ध्या देशाचें परदेशाशीं संभाषण चाललेलें असतें, हें चौपाटीवर भेळ खाणाऱ्यांच्या ध्यानींमनींही नसतें.

या तारांना अपघात होतात. ३० जानेवारी २००८ रोजीं इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन तारा तुटल्या आणि भारतांतील इंटरनेट कित्येक दिवस रखडलें. सप्टेंबर २०२५ मध्यें तांबड्या समुद्रांत जेद्दाजवळ असाच प्रकार घडला. अशा दिवशीं घरची पेटी दहा वेळां बंद-चालूं करून किंवा केबलवाल्यावर रागावून कांहींएक उपयोग नसतो.

अपघात नसतांनाही अंतराचा म्हणून एक कर भरावाच लागतो. कांचेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर जातो. मुंबईहून न्यू यॉर्क सरळ रेषेंत सुमारें साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन येऊन पंचवीस हजार. एवढ्या प्रवासास सेकंदाचा आठवा भाग लागणारच. लंडनला जाऊन येण्यास त्याहून कमी, सेकंदाच्या हजार भागांपैकीं सुमारें बहात्तर. प्रत्यक्षांत तारेचा मार्ग वळणावळणाचा असल्यामुळें वेळ याहून अधिकच लागतो. एका बाजूनें जाण्यास हजारांपैकीं दीडशें भागांपर्यंत विलंब झाला तर संभाषण सुखानें होतें, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. विलंब त्याच्या बराच पुढें गेला म्हणजे दोघेंही एकदम बोलूं लागतात, दोघेंही एकदम थांबतात, आणि 'तूं बोल, तूं बोल' यांतच पांच मिनिटें जातात. मुद्दा हा, कीं १०० मेगाबिटची सेवा सोडून ३०० मेगाबिटची घेतल्यानें हें अंतर तिळभर कमी होत नाहीं. रुंद रस्त्यावरून एका वेळीं अधिक गाड्या जातात. पण त्यामुळें पुणें मुंबईच्या जवळ येत नाहीं.

मग गति हवी तरी किती? येथें प्रथम एक घोंटाळा दूर केला पाहिजे. कंपन्या गति सांगतात ती मेगाबिटमध्यें. फाइलीचें आकारमान मोजतात तें मेगाबाइटमध्यें. आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटच्या सेवेंत सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. 'कंपनीनें शंभर सांगितलें आणि बाराच मिळतात' ही तक्रार पुष्कळदां फसवणुकीची नसून भागाकाराची असते.

दोन माणसांच्या चित्रासह संभाषणास, चित्र चांगलें स्वच्छ हवें असल्यास, सेकंदाला सव्वा मेगाबिट पुरतात. अत्यंत रेखीव चित्रासाठीं तीन ते चार. म्हणजे ३० मेगाबिटची साधी सेवासुद्धां आजीआजोबांच्या गरजेच्या कितीतरी पुढें आहे. मात्र एक अट आहे: जितकें येतें तितकेंच जातांही आलें पाहिजे. चित्रपट पाहणाऱ्यास फक्त येणारी गति लागते. बोलणाऱ्यास जाणारीही लागते. तांब्याच्या जुन्या तारेवर आणि केबलच्या कांहीं पद्धतींत जाणारी गति येणाऱ्या गतीच्या एका लहानशा अंशाइतकीच असते. त्यामुळें आईला मुलगा स्वच्छ दिसतो, पण मुलाला आई धुक्यांत दिसते. सेवा घेण्यापूर्वीं 'जाणारी गति किती?' हा एक प्रश्न विचारला तर पुष्कळ मनस्ताप वांचतो.

दुसरा प्रश्न शेजाऱ्यांचा. फायबरची तार प्रत्येक घरास केंद्रापासून स्वतंत्र मिळते, अशी समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. प्रचलित पद्धतींत केंद्रातून एक तंतु निघतो आणि कांचेच्या एका विभाजकामधून तो ३२ किंवा ६४ घरांत वांटला जातो. त्या एका तंतूची एकूण गति येण्याच्या बाजूस सुमारें २,४८८ मेगाबिट आणि जाण्याच्या बाजूस सुमारें १,२४४ मेगाबिट. सर्व ३२ घरांनीं एकाच क्षणीं पूर्ण मागणी केली तर प्रत्येकाच्या वांट्यास ७७ मेगाबिट येतील. ६४ घरें असतील तर ३९. असा प्रसंग क्वचित् येतो, आणि आला तरी संभाषणापुरती गति उरतेच; म्हणून या वांटणीनें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. खरी कोंडी त्याच्या पलीकडे, कंपनीनें बाहेरील जगाशीं किती मोठा रस्ता घेऊन ठेवला आहे, तेथें होते. आणि ती रात्रीं आठ ते अकरा या वेळांत जाणवते. ही गोष्ट कोणत्याही जाहिरातींत छापलेली नसते. ती कळण्याचा एकच उपाय: त्याच इमारतींतील, शक्य तर त्याच जिन्यावरील, चार बिऱ्हाडांस विचारणें. घाटकोपरच्या एका गल्लींत जी कंपनी उत्तम, तीच मुलुंडच्या दुसऱ्या गल्लींत सामान्य असूं शकते. कारण सेवा कंपनीची असली तरी दुरुस्तीस येणारा माणूस त्या त्या भागाचा असतो.

तिसरा अडथळा घरांतलाच. राउटर दाराजवळ बसवावयाचा आणि बोलावयाचें आंतल्या खोलींत, असा बहुतेक घरांचा रिवाज आहे. वायफायच्या दोन लहरी असतात: २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून बऱ्यापैकीं पार होते, पण शेजारच्या घरांतील लहरींच्या गर्दींत सांपडते. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, पण सिमेंट-काँक्रीटच्या एकदोन भिंतींतच थकून जाते. पुष्कळ घरांत ज्याला 'कंपनीचा दोष' म्हणतात तो वस्तुतः लोखंडी कपाटामागें लपविलेल्या राउटरचा दोष असतो. पेटी घराच्या मध्यभागीं, उंचावर आणि उघड्यावर ठेवली तर महिन्याकांठीं चारशें रुपये वाढवून जें साधत नाहीं तें एका खिळ्यानें साधतें.

आतां हिशेब. जाहिरातींतील दरावर १८ टक्के वस्तु व सेवा कर असतो. २०२० च्या त्याच दरपत्रकाचें उदाहरण घेतलें, तर ३९९ चे कराधरून ४७१ रुपये होतात आणि वर्षाचे सुमारें ५,६५०. १५० मेगाबिटच्या ९९९ चे १,१७९ होतात आणि वर्षाचे सुमारें १४,१४६. हा जवळजवळ साडेआठ हजारांचा फरक केवळ दोन माणसांच्या संभाषणासाठीं मोजणें व्यर्थ होय. घरांत विद्यार्थी, घरून नोकरी करणारी सून आणि संध्याकाळीं चित्रपट पाहणारी मंडळी असतील तर तो सार्थ ठरेल. 'अमर्याद' या शब्दाचीही मर्यादा असते: पुष्कळ योजनांत महिन्यास ३,३०० गिगाबाइटनंतर गति उतरविली जाते. परंतु रोज एक तासभर स्वच्छ चित्रासह बोललें तरी महिन्यास सुमारें ३४ गिगाबाइटच खर्च होतात. तेव्हां या मर्यादेची धास्ती आजीआजोबांनीं बाळगूं नये.

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरल्यास सवलत मिळते, आणि परदेशचा मुलगा कौतुकानें तसें भरूनही टाकतो. परंतु उपनगरांतील कुटुंबांनीं येथें एक विचार अवश्य करावा. जुन्या सोसायट्यांच्या पुनर्बांधणीचें वारें सर्वत्र वाहत आहे. इमारत रिकामी करण्याची नोटीस आली आणि बिऱ्हाड दोनतीन वर्षांसाठीं भाड्याच्या जागेंत हलवावें लागलें, तर नव्या जागीं ती कंपनी आहे काय, भरलेले पैसे तिकडे वळतात काय, अनामत परत मिळते काय, हें आधीं लेखी विचारून ठेवावें. तक्रारीचा क्रमांक प्रत्येक वेळीं टिपून ठेवावा. २०१२ च्या नियमांनीं कंपनीच्या तक्रार-केंद्रानें दाद न दिल्यास त्याच कंपनीच्या अपील-अधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद केली, आणि तेथें हा क्रमांकच उपयोगी पडतो.

दुसऱ्या टोंकाचा, म्हणजे परदेशचा, हिशेब निराळा आहे. मुंबईंत बहुधा महिन्याच्या महिन्याला सेवा सोडतां येते. पाश्चात्त्य देशांत पुष्कळदां करार करावा लागतो. इंग्लंडमध्यें बारा, अठरा किंवा चोवीस महिन्यांचे करार रूढ आहेत. तेथें बहुतेक घरांपर्यंतची तार ओपनरीच या संस्थेची असते आणि तीवरून अनेक कंपन्या आपापली सेवा विकतात. त्यामुळें कंपनी बदलली तरी तार पुष्कळदां तीच राहते. एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठीं गेलेल्या विद्यार्थ्यानें स्वस्त दिसतो म्हणून चोवीस महिन्यांचा करार केला, तर परत येतांना उरलेल्या भाड्याचा मोठा भाग त्यास दंडादाखल भरावा लागतो. त्यानें तीस दिवसांचा करार किंवा मोबाइलच्या सिमवर चालणारा राउटर घेणें शहाणपणाचें; दर महिन्याचा दर अधिक दिसला तरी एकूण बेरीज कमी भरते. तेथें मध्येंच दर वाढविण्याची चाल होती. १७ जानेवारी २०२५ पासून नव्या करारांत अशी वाढ किती होणार तें पौंड-पेन्समध्यें आधींच सांगण्याचें बंधन आलें आहे.

जर्मनींत पहिला करार दोन वर्षांपर्यंतचा असूं शकतो. पूर्वीं तो वेळेवर रद्द न केल्यास आपोआप वर्षभर वाढत असे. १ डिसेंबर २०२१ पासून मुदत संपल्यावर केव्हांही एका महिन्याच्या सूचनेनें तो सोडतां येतो. अमेरिकेंत अडचण वेगळी: पुष्कळ वस्त्यांत वेगवान सेवा देणारी कंपनी एकच असते, म्हणून निवड घर घेतांनाच होऊन जाते. घराचें भाडें ठरविण्यापूर्वीं तेथें कोणती तार येते हें विचारणें, हाच तेथला उपाय. १० एप्रिल २०२४ पासून तेथील मोठ्या कंपन्यांस खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील पत्रकासारखें एक पत्रक दाखविण्याचें बंधन घालण्यांत आलें. त्यांत मूळ दर, इतर आकार, येणारी-जाणारी गति आणि मर्यादा एकत्र दिलेल्या असतात. पहिल्या वर्षाचा सवलतीचा दर संपल्यावर काय, आणि मोडेमचें भाडें किती, हे दोन प्रश्न तेथें विशेष महत्त्वाचे. चाणाक्ष माणूस बहुधा मोडेम विकत घेऊन त्याचें भाडें वांचवितो.

दुबई-अबुधाबीकडे गेलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. संयुक्त अरब अमिरातींत घरगुती सेवा देणाऱ्या मुख्य कंपन्या दोनच, एतिसलात आणि डू. तेथें इंटरनेटवरून बोलण्यास परवाना लागतो. व्हॉट्सअॅपवरील संभाषण तेथें दीर्घकाळ अडविलेलें राहिलें असून मराठी कुटुंबें बॉटिमसारख्या परवानगी असलेल्या साधनांचा आश्रय घेत आलीं आहेत. म्हणजे दोन्ही टोंकांस उत्तम तार असूनही कायद्याची भिंत आडवी येऊं शकते. मुलगा तिकडे जाण्यापूर्वींच आईवडिलांच्या यंत्रावर योग्य तें साधन घालून देऊन, एकदां शेजारच्या खोलींतून बोलून पाहणें, हें विमानाच्या तिकिटाइतकेंच निकडीचें आहे.

शेवटची बाब सर्वांत गंभीर. जुन्या तांब्याच्या दूरध्वनीस वीज केंद्रातूनच मिळत असे. घरांत अंधार झाला तरी तो बोलत असे. कांचेच्या तंतूंतून वीज वाहत नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं सबंध मुंबईचा वीजपुरवठा बंद पडला. अशा वेळीं घरची पेटी आणि तीवर चालणारा दूरध्वनि दोन्ही मुके होतात. फायबरच्या मार्गांतील विभाजकास वीज लागत नाहीं. म्हणून घरांत राउटरपुरता एक लहान यूपीएस असला तर अंधारांतही सेवा बहुधा चालूं राहते. परंतु गच्चीवर विजेची पेटी ठेवून घरोघर साधी तार सोडणाऱ्या केबलवाल्याची सेवा त्या पेटीबरोबरच निजते. दोन सेवांचे दर सारखे असतांना निवड करावयाची झाल्यास, वृद्धांच्या घरीं हा एकच मुद्दा निर्णायक मानावा.

आणि तेवढ्यावरही विसंबूं नये. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां उपनगरांत कोण कोठें अडकलें आहे हें घरच्यांस तासन्‌तास कळलें नव्हतें. ज्या घरांत वृद्ध एकटे राहतात तेथें घरची तार एका कंपनीची आणि मोबाइलचें सिम दुसऱ्या कंपनीचें असावें. एक वाट बुजली तर दुसरी उघडी राहते. शिवाय शेजाऱ्याचा, डॉक्टरांचा आणि परदेशच्या मुलाचा क्रमांक मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दूरध्वनीशेजारीं लावलेला असावा. मुलाच्या दृष्टीनेंही यांत सावधगिरी आहे: तांबडा दिवा लागून संभाषण तुटलें म्हणजे साता समुद्रांपलीकडे त्याचें मन नाहीं नाहीं त्या शंकांनीं व्याकुळ होतें. 'तार गेली तर शेजारच्या काकूंना फोन करावयाचा' एवढा संकेत आधीं ठरलेला असला, तर ती रात्र जागून काढावी लागत नाहीं.

वेळेचीही निवड असते, आणि तिला पैसा पडत नाहीं. मुंबईंत सकाळचे साडेसात म्हणजे उन्हाळ्यांत सॅन फ्रान्सिस्कोस आदल्या दिवशींचे संध्याकाळचे सात. त्या वेळीं इकडे तार मोकळी असते, तिकडे नातवंडें जेवावयास बसलेलीं असतात. रात्रीं नऊ वाजतां, सारी इमारत चित्रपट पाहत असतांना, अडखळत बोलण्यापेक्षां सकाळच्या चहाबरोबरचें बोलणें अधिक निवांत होतें.

सारांश, या व्यवहारांत सर्वांत महाग सेवा ती सर्वांत चांगली असें नाहीं आणि सर्वांत स्वस्त ती सर्वांत किफायतीची असेंही नाहीं. जाणारी गति, जिन्यावरच्या शेजाऱ्यांचा अनुभव, पेटीची जागा, कराराची मुदत, विजेची सोय आणि दुसरी वाट, एवढ्या सहा गोष्टी पारखून घेतल्या तर मध्यम दरांत काम भागतें. वांचलेल्या पैशांतून मुलास वर्षाकांठीं एकदां घरीं येण्याच्या तिकिटाला हातभार लावावा. कारण चकचकीत कांचेवर कितीही स्वच्छ दिसली, तरी नातीच्या केसांवरून हात फिरविण्याची सोय अद्याप कोणत्याही तारेंत नाहीं.